सुलभाचं पिवळं ऊन

रविवार संध्याकाळ, नळदुर्ग

सुलभाला, माझ्या धाकट्या जावेला, ब्रश धरायला मीच शिकवलं. आज दोघी किल्ल्यासमोर बसून तटबंदी रंगवत होतो. मी दगड न् दगड काढला. तिनं नुसतं तटावरचं पिवळं ऊन धरलं.

आमचे हे न्यायला आले. माझं चित्र बघून म्हणाले, "छान." तिच्या चित्रापुढं उभेच राहिले. "सुलभा, हे ऊन कसं जमलं तुला?" मला इतक्या वर्षांत असं कधी विचारलं? ते पिवळं ऊन डोळ्यांपुढून हलतच नाही.

मग तिनं मला विचारलं, "ताई, आभाळ गडद करू का?"

कर म्हटलं असतं, तर चित्र मेलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"आता हात लावू नकोस," म्हणाले, आणि तोंड धुवायच्या निमित्तानं एकटीच नदीकडं उतरले.