भंगाराच्या यादीतलं मशीन

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

लॅबमधल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या मशीनचा, कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून विभागप्रमुख सरांनी मशीनच भंगाराच्या यादीत घातलं. यादी शुक्रवारी जाणार. माझ्या विद्यार्थिनीचं, अश्विनीचं, केळीच्या पानांवरचं संशोधन या मशीनशिवाय अर्धवट राहील, हे त्यांना दिसत नाही का? आमचे शिपाई नाना मात्र म्हणाले, "कॉम्प्युटर मरी गया, त्यामां मशीनना काय दोस?"

तीन दिवस माझ्या लिनक्स लॅपटॉपवरून मशीनला आज्ञा पाठवतेय. उत्तरात फक्त प्रश्नचिन्ह. आजही दुपारभर प्रश्नचिन्हच. शेवटी जुन्या मॅन्युअलमध्ये सापडलं. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी मशीनला एक ठरावीक खूण लागते, आणि लिनक्स पाठवत होतं ती वेगळीच. इतकं साधं, आणि मी केबल बदलत बसले!

खूण बदलली. प्रश्नचिन्हाऐवजी आकडा आला.

"मशीन बोलनं ना मॅडम, बोलनं!" नाना ओरडले.

आकडा खरा आहे का, ते उद्या तपासायचंय. यादीवर माझी सही बाकी आहे, ती मी करणार नाही. अश्विनीला फोन करून सांगितलं, चोपड्याहून पानं घेऊन ये.

"मॅडम, मशीन नक्की चालेल ना?"

"माहीत नाही. पानं ताजी आण."