बशीएवढं फूल

१२ ऑक्टोबर २००६
आजपासून रोजनिशी. प्लॅन लेखी असला की पूर्ण होतो.
प्लॅन: पडवीत चौदा टांगत्या टोपल्या, सगळ्यांत पेटुनिया. शेलारच्या नर्सरीतून बी आणलं. पाकिटावर जांभळं फूल, बशीएवढं. नर्सरीवाला मोरू म्हणाला, "काका, बी मिठावानी बारीक हाय, फुंकू नका." मला शिकवतो.
डेडलाइन १ फेब्रुवारी. माझ्या बायकोचं, कमळचं वर्षश्राद्ध.

१३ ऑक्टोबर
कारणही लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
दहाव्याला कमळच्या पिंडाला कावळा शिवेना. खाडीवर दीड तास उभे. मुलगा कुणाल म्हणाला, आई, बाबांना सांभाळीन. नाही. सून क्षितिजा म्हणाली, तुमचे दागिने मोडणार नाही. नाही. शेवटी बहीण काशी माझ्याकडे वळली, "दादूस, आता तू बोल कायतरी." मी म्हणालो, बरं, तुझी बाग परत लावतो. कावळा लगेच शिवला.
योगायोग. त्याला भूक लागली असणार.
बाग होती तिथे आता गोडाऊनचे ट्रक वळतात. दोन वर्षांपूर्वी कमळ भाचीच्या लग्नाला माहेरी गेली होती, तेव्हा काँक्रीट घालून घेतलं. आल्यावर भांडली नाही. माती तरी राहू द्या, एवढंच म्हणाली. चार गोणी अजून जिन्याखाली आहेत.
मी 'बाग' म्हणालो होतो, 'जमीन' नाही. टांगलेली बाग ही बागच.

१५ ऑक्टोबर
मोरू नवीन खतमाती घ्या म्हणत होता. त्याला विकायचंच आहे. जिन्याखालच्या गोणी उघडल्या, टोपल्या भरल्या, बी पेरलं. माती उपसताना कमळच्या पदराला यायचा तो वास आला. मातीला मातीचाच वास येणार.

६ नोव्हेंबर
उत्तम उगवण. निंदणी केली. दोन प्रकारची रोपं होती. एक धट्टीकट्टी, चकचकीत पानांची, मधे पांढरी शीर. दुसरी मरतुकडी, केसाळ, बोटाला चिकटणारी. ती सगळी उपटली. क्षितिजा म्हणाली, बाबा, मोरूला एकदा दाखवू या का? मी म्हणालो, तीस वर्षं भातशेती केली आहे, तण मला कळतं. ती म्हणाली, ही पानं कुठेतरी बघितल्यासारखी वाटतात. मी म्हणालो, पाकिटावर.

२ डिसेंबर, सकाळी ७
गोडाऊनच्या भिंतीवर कावळा. सलग नववा दिवस. काव नाही, काही नाही. नुसता बघतो.

३ डिसेंबर
खुर्ची फिरवून बसलो. आता पाठीकडे बघतो.

१९ डिसेंबर
पाणी घालताना मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. ती अशीच उभी राहायची, हळू घाला म्हणायची. वळलो तर ट्रक. ड्रायव्हरने विचारलं, सेठ, किससे बात कर रहे थे? मी म्हणालो, मोबाईलवर. मोबाईल घरात होता.
अशा गोष्टी मी मानत नाही. पाणी मात्र हळू घालतो.

२४ जानेवारी २००७
पहिलं फूल! गुलाबी. पाच पाकळ्या. रुपयाएवढं. थंडीने आखडलं असेल.

२६ जानेवारी
चौदाही टोपल्या गुलाबी. मोरूला बोलावलं. त्याने एक पान चोळून बघितलं. मग म्हणाला, "काका, ही सदाफुली हाय. काकींची. त्यांच्या मातीत बी ऱ्हायला व्हता." पेटुनिया कुठे गेली म्हणून त्याला झापलं. त्याने विचारलं, बारीक, केसाळ, चिकट असं काय उपटलंत का?
आठवत नाही म्हणालो.
साडेतीन महिने मी तिचीच झाडं वाढवत होतो. जेवण गेलं नाही.

३० जानेवारी
माणसाने प्रॅक्टिकल असावं. मोरूकडून तयार पेटुनिया आणली. जांभळी, बशीएवढी. टांगली. सदाफुलीच्या टोपल्या गोडाऊनमागे टाकल्या. पाहुण्यांना सांगायचं, मीच वाढवली. कावळा बघत होता. बघू दे.

१ फेब्रुवारी, सायंकाळी
सगळ्यांनी पेटुनियाचं कौतुक केलं. काशीने नाही.
पान वाढलं. वडे, खीर, तिच्या आवडीचं वालाचं बिरडं. कुंपणावर ठेवलं. कावळा भिंतीवरच. अकरा वाजले, बारा, एक. मी हळूच म्हणालो, लावली ना बाग. तो उडाला. गोडाऊनमागे गेला, टाकलेल्या टोपलीच्या काठावर बसला.
भटजींनी पान गाईला घालायला सांगितलं. शास्त्रात चालतं म्हणाले. कमळला चालतं का, ते कोणाला विचारणार? जिवंत होती तेव्हाही विचारलं नव्हतं.
पाहुणे गेल्यावर पहार काढली. ट्रकवाल्यांना आज बाहेर उभे राहा म्हणालो. काँक्रीट सहा इंची. मीच उभं राहून घालून घेतलं होतं. दोन तासांत दोन्ही तळहात फुटले आणि जमीन उघडी झाली बशीएवढी.
क्षितिजाने गोडाऊनमागून सदाफुलीचं एक रोप आणून दिलं. मावलं.
भिंतीकडे बघायचं धाडस झालं नाही.