बंद पाकिटातली चिठ्ठी

सोमवार, ११ एप्रिल २०१६

टण्... टण्... मी शिकवायचो त्या खुलताबादच्या शाळेत घंटा म्हणून लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. इतक्या वर्षांनी आज हॉस्पिटलच्या बाकावर तो आवाज कानात घुमला. नर्सच्या हातून चिमटा ट्रेवर पडला, एवढंच!

शौचावाटे रक्त जातंय, म्हणून शुक्रवारी कोलोनोस्कोपी— नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. भूल देणाऱ्या डॉ. मनस्विनी म्हणाल्या, आमच्याकडं दोन औषधजोड्यांची तुलना करणारा अभ्यास चालू आहे. मिडाझोलाम-फेन्टानिल दिलं तर माणूस गुंगीत असतो, बोलतोही, मात्र नंतर त्याला काही आठवत नाही. प्रोपोफोल-फेन्टानिलमध्ये गाढ झोप. ते प्रोपोफोल दुधासारखं पांढरं. कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

बोलतो म्हणजे काय बोलतो, विचारलं.

"काहीही, काका. एका आजोबांनी सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगून टाकली."

हसलो. संमतीपत्रावर सही केली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

इथं तरी लिहून टाकतो. बहात्तरचा दुष्काळ. सातवीतला कडुबा सकाळी आईबरोबर खडी फोडायचा, मग शाळेत. रोज उशीर. मी चोवीस वर्षांचा, कवितेचं वेड डोक्यात! पावसाची कविता त्याला पाठ नव्हती. "पाठ होईपर्यंत बाहेर उभा राहा," म्हणालो. बाहेर म्हणजे उन्हात. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता— आणि मी पावसाच्या कवितेसाठी पोराला उन्हात ठेवलं. घंटा झाली, बाहेर आलो, तर कडुबा नाही, दप्तर नाही. पुन्हा शाळेत आलाच नाही.

बायकोचं, भानुमतीचं, माहेर खुलताबादचंच, भाऊ अजून तिथंच. तरी बेचाळीस वर्षांत तिला हे सांगितलं नाही. मुलं माझ्या कवितांवर जीव टाकायची, एवढंच तिला ठाऊक.

बुधवार, १३ एप्रिल

डॉक्टरांना गाठलं. पांढरंच द्या म्हणालो. त्या म्हणाल्या, अभ्यासातून बाहेर पडा, मग दोघं बोलून ठरवू. तुमचा हक्क आहे तो. पण अभ्यासात राहायचं तर चिठ्ठी निघेल ते.

जन्मभर पेपर फुटू दिला नाही. आता कसा फोडू? राहतो.

ठरलं! भूल चढेपर्यंत मनात पावसाची कविता म्हणत राहायची. तोंडातून निघालंच काही, तर तीच निघेल.

गुरुवार, १४ एप्रिल

पोट साफ व्हायचं औषध. दर अर्ध्या तासाला संडास, आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी! चिकलठाण्यात नव्या इमारती उठताहेत, टँकर आहेत तेवढेच. भानुमतीनं शेजारून दोन बादल्या मागून आणल्या. माझं पुटपुटणं चालूच होतं. "आधी पोट रिकामं करा, मग तोंड," म्हणाली.

शनिवार, १६ एप्रिल

काल झालं. सिरिंज कागदात गुंडाळलेली, रंग दिसला नाही. एक कडवं म्हटलं, दुसऱ्याची पहिली ओळ— मग एकदम बाहेरची खाट. काही आठवतं का, डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. एक गाठ काढलीय, तपासायला पाठवली.

जाग येईपर्यंत भानुमती खाटेशी होती. मी काय बोललो, विचारलं. "कविता," म्हणाली. माझ्याकडं न बघता.

बुधवार, २० एप्रिल

गाठ साधी निघाली. कर्करोग नाही!

कोणती जोडी दिली, ते अभ्यास संपल्याशिवाय डॉक्टर सांगणार नाहीत. न सांगोत. आयुष्य वाढवून मिळालंय, ते तोंड मिटून काढायचं नाही. संध्याकाळी भानुमतीला समोर बसवलं आणि कडुबाचं सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माहीत आहे. खाटेवर अर्धा तास त्याला आत बोलवत होतात."

रविवारी खुलताबादला जाणार. जिवंत असेल तर शोधणार.

रविवार, २४ एप्रिल

चपला घालत होतो, दार वाजलं. पांढऱ्या मिशांचा माणूस, टोपी हातात, उंबऱ्याबाहेर थांबलेला.

"कडुबा, गुरुजी. बाईंच्या भावानं निरोप दिला."

"आत ये."

"थांबा की. पाठ झालीय. म्हणतो, मग येतो."