धाकटीची उडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तासभर समोर बसवून खात्री करून घेतली. कोणी भरीस घातलेले नाही. उलट जवळच्या सगळ्यांनी 'जाऊ नका' असेच सांगितले. उद्या मी धाकट्या बहिणीच्या घरी जायला निघत आहे. परत येईनच असे वाटत नाही, म्हणून हा कागद.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे पुढची कामाची खोली, मागची खोली आणि माळा, मी धाकटीला देत आहे. तिला एकटीला. तिच्या नवऱ्याचा यावर कसलाही हक्क नाही, आणि तिच्या वतीने त्याने केलेली सही चालणार नाही. बँकेतली ठेवही तिचीच. किल्ली वकीलबाईंकडे आहे. ती कधीही, कशीही आली तरी आधी दार उघडावे, प्रश्न नंतर विचारावेत.

वकीलबाई म्हणाल्या, "आणि ती नसेल तर?"

मी म्हणालो, "ते कलम नको."

"लिहावंच लागतं हो."

म्हणून लिहितो : ती हयात नसल्यास घर व ठेव बायकांच्या निवारागृहाला जावी. ही एक ओळ लिहायला मला दोन दिवस लागले.

कलम २. माझे दोनशे चौदा गेम आणि पाच चालू कन्सोल सरकारी दवाखान्यातल्या त्या वॉर्डाला द्यावेत, जिथे हात मोडलेल्यांची बोटे पुन्हा हलती करतात. खोके न फोडता काचेच्या कपाटात गेम मांडणाऱ्या शौकिनांना एकही विकू नये. न खेळलेला गेम म्हणजे न चावलेली कवळी. पैसे टाकून तलवार विकत घ्यायला लावणारे गेम माझ्या संग्रहात नाहीत, कोणी मागून मिसळू नयेत. आणि दोघांनी शेजारी बसून खेळायचे गेम वेगळ्या फळीवर आहेत, ते आधी द्यावेत. माझ्या मते खरे गेम तेवढेच.

कलम ३. माझ्या चुलतभावाला मी काहीही देत नाही. "या वयात व्हिडिओ गेम? लग्न झालं असतं तर अक्कल आली असती," असे तो बाराव्यालासुद्धा म्हणाला होता, आणि ते बारावे माझ्या आईचे होते.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यावाचून बाकीची कलमे कळणार नाहीत.

लहानपणी वडिलांनी आमच्यासाठी एक जुने गेमचे यंत्र आणले. त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरचे उडीचे बटण पहिल्या दाबाला लागत नसे. तो धाकटीच्या वाट्याला आला, कारण मी मोठा होतो आणि लबाड होतो. ती बटण दोनदा दाबायला शिकली. पुढे चांगले कंट्रोलर आले तरी तिची सवय गेली नाही. कुठल्याही गेममध्ये ती आधी एक इवलीशी फुकटची उडी मारते, मग खरी. मी चिडवायचो, "बेडकी आली." हजार खेळाडूंत मी तिला ओळखीन.

लग्नानंतर नवऱ्याने तिचा फोन काढून घेतला. "घरात एक फोन पुरे," म्हणाला. माहेरी येणे थांबले. कन्सोल मात्र त्याने स्वतःच मोठ्या टीव्हीबरोबर हौसेने आणला होता, आणि बायको दुपारी काय खेळते याकडे त्याचे लक्ष नव्हते. नऊ वर्षे आम्ही आपापल्या घरून, इंटरनेटवरून, रोज दुपारी दोन ते साडेतीन खेळलो. गेममध्ये आमचे एक बेट आहे. त्यावर आम्ही घर बांधले, जिना बांधला, विहीर खणली. बोलायचे ते लाकडी पाट्यांवर लिहून. ती लिहायची, "आज भात करपला, तू काय जेवलास?" मग तीन वर्षांपूर्वी : "हात दुखतोय, आज तू खण." मग : "जिन्यावरून पडले असं सगळ्यांना सांगायचं ठरलंय." वाचून झाले की ती पाटी तोडून टाकी. मी लिहिले, निघून ये. तिने लिहिले, "तो म्हणतो, तुझ्या भावाचं घर मला माहीत आहे."

२६ फेब्रुवारीला, सोमवारी, दोन वाजता तिची बाहुली, म्हणजे गेममधली ती, बेटावर आली. कुंपणापाशी थांबली आणि एकाच झेपेत स्वच्छ उडी मारून आत आली.

आधीची इवलीशी उडी नव्हती.

ती बाहुली घरभर फिरली. एकेक पेटी उघडली, बंद केली. मग पाटी लावली : "मी बरी आहे. रोज यायची गरज नाही."

मी तिथल्या तिथे फोन लावला. मेहुणे शांतपणे म्हणाले, "झोपली आहे ती. हल्ली दुपारची झोपते." वर म्हणाले, "तुमचं बेटावरचं घर छान आहे हं. मी सगळं बघितलं."

त्यानंतर चौदा दिवस झाले आहेत. तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. पोलीस चौकीत अंमलदाराने माझे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बाहुलीनं उडी कशी मारली यावरून तक्रार?" मी हो म्हणालो. "काका, थोडे दिवस गेम बंद ठेवा. बरं वाटेल."

कलम ५. तोडण्याआधी मी काही पाट्यांचे फोटो काढले होते. एकूण एकसष्ट, तारखांसह. ते आणि माझ्या खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात वकीलबाईंकडे आहेत. मी शुक्रवारपर्यंत स्वतः येऊन भेटलो नाही, तर त्यांनी ते पाकीट घेऊन चौकीत न जाता थेट न्यायालयात जावे. फोनवर माझा आवाज आला किंवा माझ्या नावाने निरोप आला, तर तो मी नव्हे असे समजावे.

कलम ६. कवळ्यांचे साचे, मेणाच्या सुऱ्या व घासायचे यंत्र बाजारातल्या दुसऱ्या कवळीवाल्यांना द्यावे. वीस वर्षे ते माझ्या कवळ्यांना खेळणी म्हणत आले. तरी हात त्यांचा चांगला आहे. अर्धवट राहिलेल्या तीन कवळ्या त्यांनी पुऱ्या कराव्यात. म्हाताऱ्या माणसांना मऊ खात बसवू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. त्यात भीतीपोटी लिहिलेले काही नाही. भीती आहे, ती वेगळी ठेवली आहे.

ठिकाण : माझी कामाची खोली
दिनांक : ११ मार्च २०२४
(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १ : डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. नाडी जलद, बुद्धी स्थिर. (सही)

साक्षीदार २ : शेजारच्या शिंपीणबाई. सही माझ्यासमोर झाली. यांना एकटं सोडणार नाही, उद्याची दोन तिकिटं काढली आहेत. (सही)

साक्षीदार ३ : वकीलबाईंच्या कचेरीतील कारकून. नियमाने दोन साक्षीदार पुरतात. परंतु साक्षीदार २ स्वतः मृत्युपत्र करणाऱ्यांसोबत जात असल्याने, साक्ष द्यायला मागे दोघे तरी राहावेत म्हणून वकीलबाईंनी मला सही करण्यास सांगितले. (सही)