बाबांची हललेली चप्पल

धाकट्या,

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या बँडची तालीम चालली होती. ते कानांत बोटं घालून दारात आले आणि म्हणाले, "हे गाणं आहे की भांड्यांची मारामारी?" तेव्हा मी काढलेला फोटो तुमच्या पहिल्या अल्बमच्या पोस्टरवर घेतलाय. तुझा ड्रमवाला म्हणतो, चप्पल हललेली दिसते, ती नीट कर. त्याला सांग, हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे. फोटो मोठा केल्यावर मला दिसलं, बोटं कानांत, पण पाय ठेका धरतोय!

मी छापखान्यात जातेय. जेवण झाकून ठेवलंय. निघताना, बाबांना कधीच म्हटलं नव्हतं ते फोटोसमोर मोठ्याने म्हटलं: "बाबा, तुम्ही एक नंबरचे लबाड आहात, आणि मला फार आवडता."

ताई