नावावर उठणारी लाट

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची! माजिवड्याच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून रुजू झाले. मेंदूच्या नोंदी तपासायचं काम. शहाडहून निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि बजावलं, मेघाली, तोंड आवर, पहिल्याच दिवशी कोणाशी भांडू नकोस. इथले प्रमुख सर्वेश सर. माणूस गोड, पण त्यांच्या हातचा चहा भयंकर.

इथली रीत अशी, की नव्या माणसाची स्वतःचीच नोंद आधी घ्यायची. डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट जेल, आणि कानात नावं ऐकवत राहतात. सगळी परक्यांची, मधूनच आपलं. आपलं नाव आलं की ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, एक खास लाट उठते. माझी चांगली ठसठशीत उठली. खूश आहे.

माझ्याबरोबर मृणाल म्हणून टिटवाळ्याची मुलगी लागली आहे. शिकाऊ दोघी, कायमची जागा एकच. महिनाअखेर सर जिचं नाव घेतील ती राहणार.

६ नोव्हेंबर
हे काम म्हणजे धुणंच आहे. नोंदीत डोळ्यांची उघडझाप येते, दात आवळलेले येतात, हृदयाचे ठोके येतात, विजेची घरघर येते. सॉफ्टवेअर नोंदीच्या वेगवेगळ्या लाटा करून दाखवतं. नको त्या काढायच्या, उरलेल्या पुन्हा जोडायच्या. सरावाला एकमेकींच्या नोंदी दिल्यात. माझ्याकडे मृणालची, तिच्याकडे माझी.

नियम एकच. मूळ फाईलला हात लावायचा नाही, काम कायम कॉपीवर. मूळ फाईल बिघडवणाऱ्याला सर म्हणे कसाऱ्यापर्यंत चालत पाठवतात.

आज बाहेरून आलेली एमईजीची, म्हणजे मेंदूच्या चुंबकी लहरींची नोंद उघडली. मला घाम फुटला. मृणालला पहिल्या फटक्यात जमली.

१२ नोव्हेंबर
सरांना ग्राफ हवा, मृणालला हाक. पाहुणे आले, मृणालला हाक. चहावालासुद्धा विचारतो, मृणाल मॅडम कुठे आहेत. आणि ती अशी ऐटीत मान वळवते, की बाकीच्यांना जणू आईबापांनी नावंच ठेवली नाहीत. वर मला शिकवायला येते, अगं सोपं आहे गं. सोपं म्हणे! जळते मी तिच्यावर. हो, जळते.

१४ नोव्हेंबर
केलं. तिच्या नोंदीतली नावावर उठणारी लाट काढून टाकली. सोमवारी सर आम्हा दोघींच्या नोंदी पाहुण्यांना दाखवणार आहेत. तिची सपाट दिसावी, चारचौघांत तिचं हसं व्हावं, एवढंच मनात होतं. रागाच्या भरात मूळ फाईलवरच सेव्ह केलं. नियम मोडला. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सरांनी मृणालला हाक मारली. ती समोरच होती, वळली नाही. पुन्हा मारली. ढिम्म. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकली आणि म्हणाली, कोणाला बोलवतायत गं? सर चिडले. नोंदी दाखवायचं काम मला दिलं. दिवसभर सगळ्यांच्या तोंडी मेघाली, मेघाली. येताना खुशीत वडापाव खाल्ला.

१८ नोव्हेंबर
मृणाल घरीही हाकेला ओ देत नाही. तिची आई फोनवर रडत होती. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम. मृणाल मला म्हणाली, नाव ऐकू येतं गं, पण भाजीचं नाव ऐकल्यासारखं वाटतं, माझं वाटत नाही.

मला कळलं. फाईल उघडली. काढलेली लाट परत येईना. सरांना सांगितलं तर माझीच जागा जाईल.

१९ नोव्हेंबर
डोक्यावरच्या एका जागची नोंद खराब झाली, तर दुसरीकडची घेऊन भरतात. तेवढं शिकले आहे. नावाची लाट माझ्याकडे एकच होती. माझी. ती माझ्या फाईलमधून कापली आणि तिच्या फाईलमध्ये बसवली. आधी कॉपी करायची होती — घाईत मूळच कापली. दोन्हीकडे सेव्ह झालं.

२० नोव्हेंबर
सरांनी मेघाली अशी हाक मारली. मृणाल उठली. कोणालाच काही खटकलं नाही. सर तिच्याशीच बोलले. आणि मी — मला उठावंसंच वाटलं नाही.

२४ नोव्हेंबर
संध्याकाळी ती शहाडला आली. माझ्या पुढे चालत होती, रस्ता ठाऊक असल्यासारखी. आईने दार उघडलं, तिच्या हातातली बॅग घेतली. दमलीस का गं मेघाली, म्हणाली. मग माझ्याकडे बघून, ही कोण, मैत्रीण का तुझी? जेवूनच जा गं पोरी.

बोंबलाचं कालवण होतं. मोठा बोंबील तिला वाढला. मी ओरडणार होते की आई, मी — पण मी कोण, ते तोंडात येईना.

२८ नोव्हेंबर
सरांनी नाव घेतलं. मेघाली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

२९ नोव्हेंबर
कोण समजते ही मेघाली स्वतःला? नोकरी हिची. सर हिचे. हिची आई हिला कालवण वाढते. माझ्याकडे काय आहे?

जळते मी तिच्यावर.

हिची मूळ फाईल आहे इथे. वर मेघाली असंच लिहिलंय. नावाची लाट कोणीतरी आधीच काढली आहे — बाकीच्या आहेत. कॉपी कशाला करू. ही बघ, हृदयाच्या ठोक्यांची. बारीक, सारखी. एक हात माऊसवर, एका हाताने लिहितेय. आता बघतेच ही कशी —

काढली. सेव्ह कर