हा खेळ मी विकू देणार नाही

४ ऑगस्ट, बर्नी
आले एकदाची! होबार्ट सोडताना पाऊस होता, इथे उतरले तर लख्ख ऊन. बंदरावर लाकडाच्या कपच्यांचा डोंगराएवढा ढीग आणि सगळ्या गावाला त्या ओल्या लाकडाचा वास. मला आवडला. घराची पुढची बाजू डोरिनबाईंची, मागच्या दोन खोल्या माझ्या. किल्ली देतानाच बाईंनी बजावलं, की गरम पाणी बेताने वापर आणि मांजराला लाडावून ठेवू नकोस. मग स्वतःच त्याला बशीभर साय वाढली.

कोपऱ्यावर अ‍ॅथॉलची बेकरी आहे. शिंपल्यांची करी भरलेली पाई घेतली, ती हनुवटीवरून ओघळेपर्यंत उभ्यानेच खाल्ली. काम काय करतेस, असं म्हाताऱ्याने विचारलं. ऑनलाइन दुकानात व्हिडिओ गेम विकायला ठेवण्याआधी मी ते खेळून बघते, आत किती रक्तपात आहे ते लिहिते, असं सांगितलं. तर म्हणतो, "म्हणजे दिवसभर माणसं मारायची आणि वर पगार? मी जन्मभर उगाच पीठ मळत बसलो!"

६ ऑगस्ट
आमच्या ऑनलाइन दुकानाचा मालक लॅकलन माझ्याहून लहान आहे. बोलका, पायात कायम चपला. जेवताना वाद रंगला. अतिहिंसक खेळ ऑनलाइन दुकानांतून काढूनच टाका, अशी मागणी पुन्हा निघाली आहे म्हणे. मी ताडकन बोलले. कित्येक वर्षं अँब्युलन्सवर काढली आहेत, खरं रक्त माझ्या बुटांत शिरलेलं आहे. चित्रातल्या रक्ताने कुणी मरत नाही, आणि मोठ्या माणसाने घरात काय खेळावं हे सरकारने सांगू नये. लॅकलनने टाळ्या वाजवल्या. पूर्वी वर्तमानपत्रांतही मी हेच लिहिलंय. कुणाला राग आला तर येवो.

८ ऑगस्ट
नवा खेळ आला. नाव 'शेजार'. करणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त ईमेल. समुद्रकाठच्या एका गावात घरोघर शिरायचं आणि तिथे जे हाताला लागेल त्याने आतल्या माणसाला मारायचं. गुण नाहीत, कारणही नाही. माणसं गयावया करतात, आणि ते इतकं हुबेहूब जमलंय की मी आवाज बंद केला. पाववाल्याला मी त्याच्याच सुरीने मारलं, मानेवर. पुढच्या घरातल्या बाईला इस्त्रीने. मग नेहमीसारखं लिहिलं: अतिशय हिंसक, फक्त प्रौढांसाठी, विक्रीला हरकत नाही.

खेळ बंद केल्यावर लक्षात आलं, की त्या बाईच्या खिडकीतून लाकडाच्या कपच्यांचा ढीग दिसत होता. लॅकलन म्हणाला, रस्त्यांचे फोटो फुकट मिळतात, कुठलंही गाव उचलतात लोक. असेल.

९ ऑगस्ट
बेकरीत पाऊल टाकलं आणि अ‍ॅथॉल मागे सरला. हात मानेवर. ट्रे खाली पडला, पाव जमिनीवर लोळले. स्वतःच ओशाळला. "रागावू नकोस पोरी," म्हणाला, "काल दुपारपासून मान दुखतेय, आणि तुला बघितलं तर अंगावर काटाच आला. म्हातारा झालो, दुसरं काय!"

घरी आले तर डोरिनबाई इस्त्री अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. चांगली चालू इस्त्री. डोळ्यांसमोर नको झालीय, एवढंच बोलल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मधल्या दाराला आता त्यांच्या बाजूने कडी आहे.

१२ ऑगस्ट
पुन्हा खेळ उघडला. कुणाला हात लावला नाही, नुसती पाववाल्यासमोर उभी राहिले. डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. अ‍ॅथॉलला आहे, अगदी तशीच. त्याने हात जोडले आणि म्हणाला, नको, पोरी.

तशीच उठले, बेकरीत गेले, अ‍ॅथॉलला सगळं सांगितलं. त्याने फळी पुसून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे तूच होतीस होय? मी बायकोवर संशय घेत होतो." दोघंही हसलो. हसू ओसरल्यावर त्याने हळूच विचारलं, हा खेळ किती लोक विकत घेतील?



१३ ऑगस्ट
मंजुरी मागे घेतली. लॅकलन म्हणाला, "तूच ना गं सांगत होतीस, चित्रातल्या रक्ताने कुणी मरत नाही?" आजही सांगते, म्हटलं. पण ही चित्रं नाहीत, इथे मारलं की तिकडे अ‍ॅथॉलची मान खरोखर दुखते. खेळ करणाऱ्याला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं: ती नुसती पात्रं आहेत, बाई.

मी लॅकलनपुढे खेळ उघडून ठेवला. म्हटलं, मार ह्या पाववाल्याला, आणि मग बेकरीत जाऊन त्याच्याचकडून पाई घेऊन ये. त्याने हात पुढे केला. मागे घेतला.

पण विक्री थांबवली नाही. परवा, शुक्रवारी दुपारी बाराला सुरू.

१५ ऑगस्ट, सकाळ
खेळ दुकानातून काढला. लॅकलनने परत लावला. पुन्हा काढला. मग माझा पासवर्ड बंद, आणि मी बाहेर. असू दे.

अ‍ॅथॉलला गाव सोडा म्हटलं. पीठ मळून ठेवलंय, जाऊ कुठे, म्हणाला. डोरिनबाईंनी सगळं ऐकून मधलं दार स्वतः उघडलं, बेकरीत खुर्ची आणवली. येऊ देत मेले खेळणारे, म्हणाल्या, एकेकाच्या डोळ्यांत बघते. आम्ही तिघं इथेच बसलोय.

दुपार
सुरू झालं. अ‍ॅथॉल गुडघ्यावर— हात मानेवर— उठला. परत पडला. उठतोय. प्रत्येक वेळी उठतोय म्हातारा.

डोरिनबाई— डोकं धरून. नाडी लागतेय. शिव्या देताहेत, म्हणजे जिवंत आहेत.

लॅकलनला फोन लावला. अ‍ॅथॉलच्या तोंडाशी धरला. ऐक म्हटलं. सगळं ऐक.

रडतोय. खेळ काढतोय म्हणतो— निघत नाही म्हणतो—

खेळातल्या बेकरीत आता तिसरं माणूस दिसतंय म्हणतो. एक बाई. काहीतरी लिहितेय.

बरं.

मग आधी माझ्याकडे या. दोघांच्या पुढे उभी राहते. गयावया करणार नाही. प्रत्येकाला नाव सांगणार. टॅम्सिन ड्रान्सफील्ड. ऐकलंत? पात्र नाही मी— 

मान— 

नाही. उभी आहे अजून. टॅम्सिन. परत सांगते, टॅम्सिन ड्रा